वकीलसाहेबांचा आवाज

माणूस गेल्यावर घरी बसायला येणारे लोक एकेक किस्सा घेऊनच येतात. आमच्याकडे तेरवीपर्यंत इतके किस्से जमले की चहाच्या कपबश्या कमी पडल्या! चिखल्याच्या खाणीतला एक कामगार आला, दारातच रडला, मग डोळे पुसून म्हणाला, "वैनी, एकडाव वकीलसाहेबानं कोर्टात काय केलं सांगू?" त्यानं सांगितलं आणि आम्ही साऱ्याजणी पदर तोंडाला लावून हसलो. त्याच वेळी समोरच्या काकू भेटायला येत होत्या. हसणं ऐकून त्या फाटकातूनच परत गेल्या!

आता वर्षश्राद्ध जवळ आलं. लोकांचं येणं कमी झालं, पण किस्से येतच राहतात. तुळशीला पाणी घालताना येतात, वाती वळताना येतात. विसरण्याआधी लिहून ठेवते.

हे भंडाऱ्याच्या कोर्टात वकील होते. आवाज खर्जातला. कोर्टात बोलायला उभे राहिले की बाहेरचा चहावाला आधण ठेवायचा, कारण आता लोक आत जाणार आणि तासाभरानं घसा कोरडा करून बाहेर येणार हे त्याला ठाऊक! शेवटची दीड वर्षं तो आवाज गेला होता. घशाचं दुखणं. वकिलाचा आवाज गेला की काय राहतं, हे मी घरात पाहिलं. देवाजवळ त्या दिवसांत मी एवढंच मागत होते, की यांना एकदा तरी बोलू दे.

पण आधी, आवाज होता तेव्हाचे सांगते.

*

आमच्या घरी श्रावणात पूजा असायची. हे सोवळं नेसून बसत, पण कान वकिलाचेच. कथेत एक व्यापारी नवस विसरतो आणि त्याची भरलेली नाव बुडते, तिथे गुरुजी आले की हे हात वर करायचे.

"गुरुजी, त्याला नोटीस दिली होती का?"

"कसली नोटीस, वकीलसाहेब?"

"एकदम नाव बुडवली! त्याचं म्हणणं तरी ऐकून घ्यायचं ना!"

मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. दरवर्षी तिथेच, तीच हरकत! शेवटी एका वर्षी गुरुजींनी पोथी खाली ठेवली, यांच्या हातात पळी दिली आणि म्हणाले, "वकीलसाहेब, या कोर्टात फक्त कबुली चालते. आचमन करा!"

*

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. आमची धाकटी मुलगी नंदा तेव्हा पाच वर्षांची. यांच्या गळ्यातला वकिलीचा पांढरा बँड रोज सकाळी तिनंच बांधायचा, असा घरचा नियम. एक दिवस बँड धुवायला टाकलेला, दुसरा सापडेना. नंदानं आपल्या फ्रॉकची निघालेली लेस आणली आणि बांधली. यांनी आरशात पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तसेच सायकलवर बसून गेले!

कोर्टात समोर मनोहरराव होते. या दोघांचं वैर साऱ्या जिल्ह्याला माहीत. वकिलांच्या बारच्या कुठल्याशा निवडणुकीपासून कोर्टाबाहेर एकमेकांशी बोलणं बंद. चहासुद्धा वेगवेगळ्या टपरीवर. मनोहरराव ताडकन उठले.

"साहेब, माझी हरकत आहे. प्रतिपक्षाच्या वकिलांच्या गळ्यात लेस आहे!"

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. "हे काय, वकीलसाहेब?"

हे म्हणाले, "घरच्या न्यायाधीशांनी बांधलीय, साहेब. सोडली तर अवमान होईल!"

मनोहररावांना स्वतःला तीन मुली. त्यांनी हरकत मागे घेतली आणि खाली बसले.

*

बपेऱ्याचा एक पक्षकार खटला जिंकला आणि आनंदानं बादलीत जिवंत मरळ घेऊन आला. हातभर लांब मासा! आणि वार सोमवार, महिना श्रावण! मी देवघरातून बाहेर आले तर बादली ओसरीवर, आणि आत तो खळबळ करून राहिला.

"वैनीबाई, रस्साच करा जी. नदीचा आहे!"

माझी पंचाईत झाली. याला परत पाठवावं तर माणूस एवढ्या लांबून एसटीनं बादली सांभाळत आलेला. घरात ठेवावं तर माझं व्रत. हे पुढे झाले, बादलीत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "श्रावण संपेपर्यंत जामीन मंजूर."

मासा अंगणातल्या टाक्यात सोडला. मुली त्याला भाताची शितं घालायच्या, शाळेतून आल्या की आधी टाक्याशी. श्रावण संपला. मी पाटा-वरवंटा धुवून ठेवला, तर मोठी शकू आणि नंदा टाक्याच्या काठावर मांडी घालून बसलेल्या, डोळे रडून लाल. यांनी मला बाजूला बोलावून हळूच सांगितलं, "आरोपीची वागणूक चांगली आहे. जामीन कायम करावा लागेल!"

*

मग दिवस बदलले. एका सकाळी यांनी नंदाला हाक मारली आणि तोंडातून नुसती हवा आली. आम्हाला वाटलं सर्दी. नागपूरला नेलं, तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बोलायची बंदी केली. यांनी वहीवर लिहून विचारलं, "किती दिवस?"

डॉक्टर म्हणाले, "बघू. आशा ठेवायला हरकत नाही. शरीर कसं साथ देतं, त्यावर आहे."

यांनी वही माझ्याकडे वळवली. लिहिलं होतं, "साक्षीदार उत्तर टाळतोय."

मी हसले. दवाखान्याच्या जिन्यात जाऊन मग रडले.

*

मी सोमवारचं मौन धरलं. सूर्योदयापासून दिवा लागेपर्यंत एक शब्द नाही. माझा शब्द देवानं घ्यावा आणि यांना द्यावा, एवढा साधा हिशेब. हे कपाळावर हात मारून घेत, पण मोडायला कधी सांगितलं नाही.

पहिल्याच सोमवारी दूधवाला आला. "बाई, आज म्हशीनं कमी देल्लं. अर्धा लिटर चालल का?" मी हातानं खुणावलं. त्याला कळेना. त्यानं यांना विचारलं, "वकीलसाहेब, बाई काहून बोलून नाही राहिल्या?" यांनी गळ्याकडे बोट दाखवलं. दूधवाला घाबरला. "का जी, दोघायचं भांडण झालं का?" आम्ही दोघांनी एकदम माना हलवल्या, मी आडवी, यांनी उभी!

त्यानं दुधाचं माप खाली ठेवलं, ओसरीवर बसला आणि आम्हाला पाव तास समजावलं. संसार कसा असतो, रागात अन्न सोडू नये, सारं सांगितलं. जाताना अर्धा लिटर फुकट घातलं.

तो गेल्यावर यांनी वहीवर लिहून माझ्यापुढे धरलं, "दोन्ही पक्ष गप्प. पंच बोलून थकले!"

*

शकूचं लग्न होऊन ती अमरावतीला होती. बाळंतपण जवळ आलेलं, तिला प्रवास नको म्हणून सांगितलेलं. तिचा जीव बापाशी. शेजारच्या दुकानात टेलिफोन होता, तिथे तिचा ट्रंक कॉल यायचा. मी चार शब्द बोलले की रिसीव्हर यांच्या हातात. ती बोलायची, हे बोटानं रिसीव्हरवर टकटक करायचे. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

एकदा मध्येच एक्स्चेंजमधली बाई आली. "हॅलो, भंडारा पार्टी बोलत नाही आहे. लाईन तोडू का?"

पलीकडून शकू इतक्या जोरात ओरडली की मला दोन हात लांबून ऐकू आलं, "नका हो तोडू! बाबा बोलून राहिले ना!"

*

आता शेवटचा. हा कोर्टातला, पण मला कुणी सांगितलेला नाही, मी स्वतः पाहिला. तेवढ्या एकाच वेळी मी कोर्टात गेले, कारण यांना एकट्याला रिक्षातून उतरणं जमत नव्हतं.

आसगावच्या सरजाबाईची केस होती. विधवा बाई. दिरांनी तिला धानाच्या बांधीतून, म्हणजे शेतातून, आणि घरातून बाहेर काढलं होतं. हे तिला फार आधी म्हणाले होते, "सरजाबाई, तुमच्या बाजूनं मी बोलीन." सारी कामं दुसऱ्या वकिलांना दिली, पण ही सोडली नाही. मी म्हटलं, "अहो, आता कसं बोलणार?" तर यांनी लिहायला घेतलं. टायपिस्टनं दोनदा टाईप करून आणलं, यांनी दोन्ही वेळा खोडून पुन्हा हातानं लिहिलं. निकाल पुढे सरजाबाईच्या बाजूनं लागला. तो ऐकायला हे नव्हते. पण युक्तिवादाच्या त्या दिवशी होते.

पुकारा झाला. हे उभे राहिले, टेबलाला धरून. कागद पुढे केले. न्यायाधीश म्हणाले, "वकीलसाहेब, बसा. मी लेखी युक्तिवाद दाखल करून घेतो, सावकाश वाचीन."

मागून सरजाबाई उठली. "साहेब, मले लिवता-वाचता येत नाही जी. कागद तुमच्या टेबलावर जाईन, माह्या कानावर कवा पडन? चार वर्षं झाली, माह्या बाजूनं कोणी बोललेलं मी आयकलं नाही!"

शिपाई तिला बसवायला धावला. न्यायाधीशांनी त्याला थांबवलं. बारमधले एक तरुण वकील पुढे आले, "मी वाचतो." त्यांनी कागद घेतले, डोळ्यांजवळ नेले, लांब नेले, आणि लाजून परत ठेवले. यांचं अक्षर! घरातली किराण्याची यादीसुद्धा वाणी आमच्याकडूनच वाचून घ्यायचा. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. हे सरजाबाईकडे पाहत होते. ती अजून उभीच होती.

तेव्हा समोरच्या टेबलावरून मनोहरराव उठले. सरजाबाईच्या दिरांचे वकील तेच. म्हणाले, "साहेब, परवानगी असेल तर मी वाचतो. वीस वर्षं यांच्याच कागदांत खोट शोधतोय. हे अक्षर मला लागतं."

दिरांपैकी एकानं मागून त्यांचा कोट ओढला. "वकीलबाबू, काय करून राहिले?" मनोहररावांनी कोट सोडवून घेतला आणि वाचायला लागले.

मला वाटलं, उरकून टाकतील. नाही! जिथे हे थांबले असते तिथे थांबले. जिथे यांनी टेबलावर हात आपटला असता तिथे हात आपटला. दिरांनी बाईच्या चुलीतलं लाकूड ओढून विझवलं, हे वाचताना त्यांनी मागे वळून स्वतःच्याच पक्षकारांकडे बोट केलं! सरजाबाई हात जोडून उभ्यानं ऐकत होती. अर्धा तास.

वाचून झालं. यांनी वहीवर काही लिहिलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. मला दिसत होतं. "मनोहरराव, वीस वर्षांत आज पहिल्यांदा मुद्द्याचं बोललात!"

मनोहरराव वाकून म्हणाले, "आणि वीस वर्षांत आज पहिल्यांदा तुम्ही मला मध्ये तोडलं नाही!"

सारं कोर्ट हसलं. हेही हसले, खांदे हलले तेवढेच.

न्यायाधीश म्हणाले, "मनोहरराव, आता तुमची बाजू मांडा."

मनोहररावांनी आपली फाईल उघडली. पाहत राहिले. मिटली. मग उठून उभे राहिले.

"साहेब, माझा घसा बसलाय. पुढची तारीख मिळावी."

न्यायाधीशांनी लेखणी टेबलावर ठेवली. म्हणाले, "दिली."