लवंगी फुलाचं बी

सिंदेवाहीच्या अलीकडे चार कोसांवर, तळ्याच्या पोटाशी एक गाव आहे. तिथल्या वारलूच्या घरचं धानाचं बियाणं डोळे मिटून पेरावं, असं आसपासचे लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. कार्तिकात धान पिकलं की कापणीआधी हा गडी धुऱ्याधुऱ्यानं फिरे, दाण्यानं वाकलेली एकेक लोंब हातानं खुडी आणि तेवढ्याचंच बी धरी. बाकीचं पोटाला. माणूस एका कामात हुशार असला की त्याला वाटतं, जगातली सगळी कामं तशीच असतात. वारलूचंही तेच झालं, दुसरं काय!

कुंता त्याची एकुलती एक लेक. ब्रह्मपुरीकडच्या एका घरी दिली होती. पाच वर्षं झाली, कूस उजवली नाही, तेव्हा सासऱ्यानं तिला बोचक्यासकट बापाच्या दारात आणून सोडलं. "वांझ घरात ठेवून काय करावं, पाटील?" असं तो वारलूच्याच ओट्यावर बसून, वारलूच्याच घरचा चहा पिऊन म्हणाला. वारलूच्या अंगाची लाहीलाही झाली. पण पोरीचा बाप तो, बोलणार काय? त्या दिवसापासून त्या माणसाचं नाव घरात निघालं की तो जेवत्या ताटावरून उठे.

कुंता जंगल खात्याच्या बंगल्यावर झाडलोटीला जाऊ लागली. एकावन्न सालची गोष्ट. तिथल्या साहेबाची बदली झाली, तेव्हा जाताना त्याच्या बायकोनं तिला कागदाची एक पुडी दिली. आत काळं, चपटं, बारीक बी होतं, कार्नेशन नावाच्या फुलाचं. दसरा झाल्यावर कुंतानं फुटक्या मडक्यात माती आणि जुनं शेणखत चाळून ते पेरलं. रोपं बोटभर झाली तशी अंगणात वाफा करून लावली, भोवती काट्या रोवल्या.

फाल्गुनात फुलं आली आणि अर्धं गाव बघायला लोटलं. लाल, काठाला झालर, पाकळीत पाकळी भरलेली, आणि हुंगलं की लवंगेचा वास! बायांनी त्याला लवंगी फूल नाव देऊन टाकलं. काही झाडांना साधी, पाचच पाकळ्यांची फुलं आली होती. तिकडं कोण बघतो? कुंता सकाळ-सांज वाफ्यापाशी बसे आणि गुणगुणे. सासरहून आल्यापासून तिचा आवाज तेव्हाच पहिल्यांदा ऐकला, असं तिची आई गोकुळा सांगे.

चैतात बोंडं वाळली. "बी निवडाचं काम माहं," म्हणून वारलू पुढं झाला. टपोरी, दाण्यानं खुळखुळणारी बोंडं वेचून त्यानं फडक्यात बांधली.

त्याच वर्षी भादव्यात कुंताला हिवतापानं धरलं. वैदू झाला, मग सिंदेवाहीहून डाक्टरच्या गोळ्या आणल्या. नवव्या दिवशी तिनं बापाचा हात धरला. "बा, माहे फुलं जाऊ देऊ नोको." एवढंच मागितलं पोरीनं. सारा जन्म काही मागितलं नव्हतं. त्याच रात्री ती गेली.

आता वारलूला दुसरं काम उरलं नाही. धान नावाला, जीव त्या वाफ्यात. दसऱ्याला पेरायचं, थंडीभर विहिरीचं पाणी ओढायचं, शेळ्या हाकलायच्या. फाल्गुनात बघतो तर निम्मी झाडं साधी, पाच पाकळ्यांची. असेल, म्हणाला, पहिलंच वर्ष आहे आपल्या हातचं. चैतात पुन्हा बी धरायला बसला. लक्षात आलं की साध्या फुलांची बोंडं ठासून भरलेली, आणि भरगच्च फुलांची सुकून पोचट. फोडून पाहिलं, दाणा नाही. "बीच नाई धरत त जागा काऊन अडवते?" असं म्हणून त्यानं ती झाडं मुळासकट उपटली आणि खतात टाकली. भरलेली बोंडं तेवढी ठेवली.

दरसाल हेच. दुसऱ्या वर्षी भरगच्च झाडं सात. तिसऱ्या वर्षी दोन. त्यानं खत बदललं, माती बदलली, देवीला कोंबडा कबूल केला. शेजारचा इस्तारी म्हणाला, "वारलूभाऊ, झेंडू लाव ना गा, कायले जीव काढून राह्यला?" वारलू त्याच्याशी महिनाभर बोलला नाही. छप्पन साली सगळा वाफा साधा निघाला. लाल होतं, वासही होता जरासा, पण कुंताचं फूल नव्हतं.

त्या फाल्गुनात सिंदेवाहीच्या सरकारी धानाच्या फार्मावरचे गुणवंतराव वारलूकडचं बियाणं बघायला आले. बियाणं बघून खूश झाले. मग वारलू त्यांना वाफ्यापाशी घेऊन गेला आणि लाज गिळून सगळं सांगितलं. गुणवंतराव उकिडवे बसले, एक फूल उलगडून बघितलं.

"वारलूजी, या फुलाचं धानासारखं नसतं. भरगच्च फुलाला बी जवळपास धरतच नाही, त्याची सगळी ताकद पाकळीत जाते. बी धरतं ते साधं. तुम्ही दरसाल साध्याचंच बी पेरत आलात. भरगच्च झाडाची नुसती फांदी मातीत खोचली असती, तरी ते जगलं असतं. ती झाडं काय केली तुम्ही?"

"उपटली."

"का?"

"वांझ हायेत म्हनून," तो म्हणाला, आणि स्वतःच्या तोंडातून हा शब्द निघालेला ऐकून मटकन धुळीत बसला. पाच वर्षं ज्या माणसाला शिव्या दिल्या, त्याचंच काम आपण आपल्या हातानं, आपल्या लेकीच्या वाफ्यात करत होतो! चार झाडं, चार फांद्या, एवढ्यानं भागलं असतं. आता फांदी खोचायला झाडच नव्हतं, आणि ती पुडी देणारी बाई कुठल्या मुलखात गेली, कोणाला ठाऊक?

गुणवंतराव गेल्यावर गोकुळा दारात आली. "काय म्हने साहेब? येईन ना आपल्या कुंताचं फूल?"

सांगावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. तिचं तोंड बघितलं आणि त्यानं ते गिळलं. "येईन म्हने. धीर धरा लागते."

त्या वर्षी चैतात वारलू वाफ्याकडे फिरकला नाही. दसरा झाला तशी गोकुळाच फडक्याची गाठ सोडत त्याच्यापुढं येऊन बसली. बारीक काळं बी तळहातावर घेऊन त्याला दाखवलं.

"अवो, आयकता का? यंदा मीच बी धरलं. तुमच्यावानीच, मोठे मोठे भरले बोंडं पाहून."

"बरं केलं," वारलू म्हणाला आणि वाफा खणायला कुदळ घेऊन उठला.