मामींचं नख आणि मामांचा दुधी

घरच्या घरी सेंद्रिय भाजी पिकवणारे वऱ्हाडात पुष्कळ आहेत. पण झाडाला लागलेली भाजी तोडायला ज्यांचा हातच धजत नाही असे बागायतदार एकच, आणि ते नेमके माझे मामेसासरे. अकोल्याला जठारपेठेत त्यांचं घर आहे. बँकेत कॅशियर होते तोवर त्यांनी अंगणातल्या तुळशीलाही कधी पाणी घातलं नव्हतं; ते खातं मामींचं. निवृत्त झाले आणि महिन्याभरात गच्चीवर माती चढली. आधी चार कुंड्या, मग रंगाचे रिकामे डबे, मग फुटक्या बादल्या, आणि एक दिवस मामींना कणीक मळायला परात सापडेना, कारण तिच्यात कोथिंबीर उगवली होती. आता त्या गच्चीवर जायचं तर वेलांखालून वाकून, मामांची परवानगी घेऊन आणि मुख्य म्हणजे दोन्ही हात पाठीमागे धरून जावं लागतं.

मामांचं झाडांवरचं प्रेम उन्हाळ्यात विशेष उतू जातं. अकोल्याच्या मे महिन्यात माणसं दुपारी दाराची कडीसुद्धा फडक्याने धरून उघडतात. अशा एका दुपारी आम्ही पोहोचलो तर घरातला कूलर गायब. तो वर मेथीसमोर लावलेला होता आणि मेथी मजेत डुलत होती. खाली घामाने निथळत मी म्हटलं, "मामा, निदान जेवणापुरता तरी कूलर खाली आणू या." ते शांतपणे म्हणाले, "जवाईबापू, तुमाले गरम झालं तर तुमी उठून बाजूच्या घरी जाऊ शकता. थे मेथी कुठं जाईन?" मी घाम पुसत वाढलेला आंब्याचा रस संपवला. त्याच उन्हाळ्यात टमाट्यांवर, म्हणजे मामांच्या भेदरांवर, सावली हवी म्हणून त्यांनी मामींचा लग्नातला शालू बांबूंवर ताणून बांधला. मामींनी घर डोक्यावर घेतलं तेव्हा म्हणाले, "अवं, पेटीत कसर लागून राहिली होती त्याले. इथं भेदरं तरी खुश हायेत!"

शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवून केलेल्या जीवामृताचं पिंप जिन्याखाली असतं. वासावरून ते कुणालाही ओळखू येतं, पण तेल्हाऱ्याहून आलेल्या एका पाहुण्यांचं नाक सर्दीने चोंदलेलं होतं. त्यांनी पिंपात तांब्या बुडवून निवांत पाय धुतले. मामा ओरडत धावले ते आधी पिंपाकडे. किती गेलं, किती उरलं हे पाहून झाल्यावर त्यांनी पाहुण्यांना धीर दिला, "घाबरू नका, विषबिष काई नाई. झालंच तर पाय वाढतीन."

एवढं सगळं करून त्या घरात भाजी मात्र बाजारातूनच येते. कारण मामा तोडत नाहीत. "आजचा दिवस राहू द्या, अजून वाढून राहिलं थे," असं म्हणत म्हणत ते वांग्याचा भोपळा होऊ देतात. त्यांच्या भेंडीला विळी नव्हे, कुऱ्हाड लागते. एकदा मी नकळत एक काकडी तोडली तर मामा माझ्याशी चहा होईपर्यंत बोलले नाहीत. आणि शेवटी, झाडच थकून गेलं की, ते एखादं फळ उतरवून मामींपुढे धरतात. इथे खरी गंमत आहे. मामींचं माहेर मोर्शीकडचं, पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला पिकवून विकणारं. त्यांच्या अंगठ्याच्या नखाला तिकडच्या बाजारात अजून मान आहे. त्या मामांच्या भाजीला नख लावतात, नख आत जात नाही, आणि त्या एकच शब्द उच्चारतात, "निबर!" मामांनी आजवर कशाची आस धरली असेल तर ती एवढीच, की त्या तोंडून एकदा तरी 'कवळं' ऐकायला मिळावं. बाकी शेजारीपाजारी बागेचे फोटो काढून नेतात, वाहवा करतात. मामांना त्याचं काही नाही.

या हिवाळ्यात मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आमच्या गावी अमरावतीला, आणि विश्रांतीला त्या आमच्याकडेच राहिल्या. झाडांना पाणी कोण घालणार म्हणून मामा अकोल्यातच थांबले. मामी आमच्याकडे छान रमल्या. माझी बायको म्हणजे त्यांची लाडकी भाची. तिने त्यांना होळीपर्यंत सोडायचंच नाही असं ठरवून टाकलं. मामा फोनवर वांग्यांची, दोडक्याची खुशाली सांगत आणि शेवटी हळूच विचारत, "मामी काय म्हंते? येतो म्हंते का?" मी विषय बदलत असे.

मग एका सकाळी मामा दारात उभे. कडेवर ओल्या पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी. अकोल्यापासून ते त्यांनी मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. "बसमदी एका बाईनं इचारलं, लेकरू झोपलं का म्हून," मामा म्हणाले, "मी हो म्हनलो. उगाच कल्ला कायले?" पंच्यातून निघाला एक दुधी. सडपातळ, लवदार, फिकट हिरवा. मामांनी वेळेवर तोडलेला पहिला दुधी!

"मामा, हा तोडवला कसा तुम्हाला?" मी विचारलं.

ते खुर्चीच्या कडेवर बसले. "घरी निबर म्हननारंच कोनी नाई, जवाईबापू. मंग वेलावर ठेवून कोनाची वाट पाहू?"

मामी काळा चष्मा लावून बाहेर आल्या. दुधी हातात घेतला, अंगठा टेकवला, आणि नख सर्रकन आत गेलं. त्यांनी दुसरीकडे टेकवून पाहिलं. तिथेही तेच.

"कोन्या बाजारातून आनली लवकी?" मामींनी विचारलं.

मामा असे उठले की खुर्ची मागे पडली. "ऐकलं का? बाजाराची म्हंते! मामी बाजाराची म्हंते!" ते मला, माझ्या बायकोला, दारात आलेल्या दूधवाल्यालासुद्धा सांगत सुटले. मामींना पटेपर्यंत त्यांनी त्या वेलाच्या, मातीच्या, माझ्या, सगळ्यांच्या शपथा घेतल्या.

मामींनी दुधी पुन्हा एकदा चाचपला. मग म्हणाल्या, "वेलावर अजून हायेत का?"

"असतीन पाच-सहा." माझ्या बायकोने दिलेला चहा बशीत ओतत मामा म्हणाले.

"अशाच?"

"अशाच."

"मंग अजी, तुमी इथं चहा काहून पिऊन राहिले? तिकडं साऱ्या निबर होतीन! चाला, माही पिशवी भरतो मी."

बायकोने डॉक्टरांची आठवण करून दिली, रागावली, रडवेली झाली. "डोळा माह्यासंगच येते, बाई," म्हणत मामींनी चपला घातल्यासुद्धा.

दुपारच्या बसमध्ये मी त्यांना बसवून दिलं. 'कवळी' हा शब्द मामींनी शेवटपर्यंत उच्चारला नाही, आणि मामांच्या ते लक्षातही आलं नाही. मामींच्या डोळ्यावर ऊन येऊ नये म्हणून ते खिडकीशी टोपी धरून बसले होते आणि त्या त्यांना कुठली लवकी आधी तोडायची ते समजावत होत्या. बस गेली तरी मी स्टँडवर रेंगाळलो. होळीपर्यंत त्या राहतील म्हणून आम्ही काय काय ठरवलं होतं. वाईट वाटत होतं आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटत होता. कुणाला तरी आपल्या हातचं वाया जाऊ नये म्हणून इतकी घाई व्हावी, असं भाग्य माझ्या वाट्याला अजून आलेलं नाही.