पुसलेल्या अक्षरांचा कीबोर्ड

दिंडोरीला आमच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नवा कॉम्प्युटर आला आणि मी ज्यात मालाच्या नोंदी करायचे तो जुना प्रोग्रॅम त्यावर उघडेना. "नाहीच चाललं तर नवा प्रोग्रॅम येणारा दुसरा माणूस बघू," असं साहेब माझ्यादेखत बोलले.

मग नाशिकहून एक मेकॅनिक आला. "काकू, तुम्ही जुन्या मशीनवर नेहमीसारखं काम करा," म्हणाला आणि हाताची घडी घालून माझी बोटं बघत राहिला. नंतर त्याने नव्या मशीनच्या पोटात जुनी सिस्टीम बसवली. माझ्या जुन्या प्रोग्रॅमचा तोच निळा पडदा उघडला.

जाताना त्याने नवा कीबोर्ड काढून माझा जुना, वापरून अक्षरं पुसलेला जोडला. साहेब म्हणाले, "अहो, नवा आहे की."

"असू द्या," तो म्हणाला. "काकूंना अक्षरं लागत नाहीत."

दुसऱ्या माणसाचा विषय पुन्हा निघाला नाही. मी निवृत्त झाले, तरी ती हाताची घडी अजून आठवते.