खिडकीतला एसी आणि रेडॉनचा कप

बारावीत असताना माझ्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यात एसी बसवलेला होता. आखातातल्या सीब गावात एका व्हिलाचा तळमजला मालकाने तीन कुटुंबांत वाटून दिला होता. आमच्याकडे हॉल, एक बेडरूम आणि जुनी स्टोअररूम. स्टोअररूम माझी. बाबा एसी मेकॅनिक. एसीभोवतीची उरलेली खिडकी त्यांनी प्लायवुडने बंद करून कडा सिलिकॉनने भरल्या होत्या. एका बाजूचं सिलिकॉन सुटलं होतं. सकाळ झाली हे मला त्या फटीतून भिंतीवर पडणाऱ्या उजेडाच्या रेघेवरून कळायचं.

खिडकी मोकळी करा, असं मी एकदाच म्हटलं होतं.

“आणि थंडी बाहेर घालवू? लोक मला बोलावतात ते ती आत ठेवायला,” बाबा हसले. मीही हसले.

मी एरवी वर्गात हात वर करत नसे. फिजिक्सच्या मॅडमनी रेडॉनच्या प्रोजेक्टसाठी नावं विचारली, त्या दिवशी केला. हा वायू जमिनीतून वर येतो, दिसत नाही, वास येत नाही. बंद तळमजल्यावर साठतो, आणि वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. माझं बाबांनी ऐकलं नव्हतं, पण आकडा ऐकला असता. मीटर जे दाखवेल ते बाबा मानायचे.

रेडॉन मोजायला शाळेतून मिळाला प्लास्टिकचा छोटा कप, आत फिल्म. तीन महिने एकाच जागी टांगायचा. मी तो पलंगाच्या वर टांगला.

“तिन्हीसांजेला कॅन्सरचं नाव काढू नकोस,” आई म्हणाली.

मग सुट्टी लागली. आई आणि मी दोन महिने चिपळूणला गेलो. परतलो तेव्हा कप जागेवर होता. तो शाळेत द्यायची वेळ आली तेव्हा मी हॉलमध्ये फॉर्म भरायला बसले. बाबा शेजारी आले.

“तुझा कप नीट सांभाळला हां. तुम्ही गेलात तसा लगेच इथे हॉलमध्ये आणला. तुम्हाला आणायला एअरपोर्टवर निघताना परत लावला.”

“इथे? का?”

“अगं, तुझी खोली बंद. रिकाम्या खोलीत काय मोजणार तो? माणसं असतात तिथे नको?”

माणसं होतीच. आम्ही नसताना बाबांच्या कंपनीतले चौघे रोज जेवायला येत, मासे तळत. एक्झॉस्ट फॅन चालू, दार सताड उघडं.

“सोफ्याला अजून बांगड्याचा वास येतोय!” आई आतून ओरडली.

“तोही मोजला असेल कपाने,” बाबा म्हणाले.

फॉर्मवर शेवटचा प्रश्न होता: कप हलवला होता का? बाबांनी चष्मा लावून तो वाचला आणि त्यांचा आवाज उतरला.

“माझ्यामुळे नापास करतील का गं तुला?”

‘हो’ लिहिलं असतं तर मॅडमनी नवा कप दिला असता, एवढंच. ते मला माहीत होतं. बाबा माझ्या पेनाकडे बघत होते. मी ‘नाही’वर खूण केली.

रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आला. त्यावर मोजलेली जागा म्हणून माझी खोली लिहिली होती आणि खाली, काळजीचं कारण नाही. बाबांनी तो दोनदा मोठ्याने वाचला.

“बघ! खलास. आता डोक्यातनं काढून टाक.”

त्या शुक्रवारी ते सिलिकॉनची ट्यूब घेऊन माझ्या खोलीत आले. एसीच्या कडेने बोट फिरवत फटीपाशी थांबले.

“इथनंच गारवा जातो बघ. टॉर्च धर जरा.”

फट भरून होईपर्यंत मी टॉर्च धरून उभी राहिले.