खांब सत्तावीस, घर दोन

आमच्या टेलिफोन केंद्रात त्याला ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. माणूस तसाच होता. शिडी लावली की आधी एका हाताने हलवून बघायचा, मग दुसऱ्या हाताने, आणि मगच चढायचा. आम्ही खालून म्हणायचो, याच्या घरातली मांजरसुद्धा भिंतीला समांतर झोपते. तो हसायचा नाही. वर जाऊन काम उरकायचा आणि आमच्याआधी दहा मिनिटं खाली यायचा.

मी एकतीस वर्षं केबल जोडल्या. त्यातली एकोणीस त्याच्याबरोबर, एकाच शिडीवर. एक वर, एक खाली.

आमच्या कामाची एक रीत होती. प्रत्येक तारेच्या टोकाला पट्टी बांधायची आणि तिच्यावर दोन आकडे लिहायचे, खांबाचा आणि घराचा. चौदा-तीन म्हणजे चौदावा खांब आणि त्यावरून निघालेलं तिसरं घर. नव्या माणसाला नकाशा न देता, कोणाचं नाव न सांगता, नुसती पट्टी वाचून दारापर्यंत पोचता आलं पाहिजे. कारण बिघाड निघतो तेव्हा पट्टी लिहिणारा नेमका रजेवर असतो. ओळंब्याच्या पट्ट्या वीस वर्षांनीही वाचता यायच्या. इंग्रजी सात लिहिताना तो त्याच्या पोटात आडवी रेघ मारायचा, एक आणि सात यांची गल्लत होऊ नये म्हणून.

गुडघा गेल्यावर त्याला आतल्या खोलीत इंटरनेटच्या मशीनपाशी बसवलं. पन्नाशीत हा काय शिकणार, असं सगळे म्हणाले. त्याने आठ महिन्यांत तीन जाड पुस्तकं संपवली, शब्दकोश मांडीवर ठेवून. मी निवृत्त झालो. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान, तो राहिला.

मग नवा प्रोटोकॉल आला. प्रोटोकॉल म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे नियम. त्याने मला समजावलं ते असं: इंटरनेटवर काहीही मागवलं की सोबत आपला पत्ता जातो, एरवी उत्तर पाठवायचं कुठे? जुन्या नियमांत पत्ते कमी पडायचे, म्हणून साठ-साठ घरं एका पत्त्याच्या आड असायची. बाहेरच्याला आमचं केंद्र दिसायचं, घर दिसायचं नाही. नव्या नियमांत पत्ते इतके, की प्रत्येक घराला स्वतःचा. सरकारने तारीख ठरवली, त्या दिवसापासून जुनं बंद. कारण सुरक्षेचं दिलं. साठ घरांच्या आड चोर लपतो, तो आता लपणार नाही. वर्तमानपत्रांत दोन दिवस वाद झाला. उद्या चोर कोणाला म्हणायचं ते कोण ठरवणार, असंही एकाने लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी दुसरीच बातमी होती.

ओळंब्याला या वादाशी देणंघेणं नव्हतं. त्याला सहाशे बारा घरांना पत्ते लावायचे होते. पत्ता लांबलचक, पण त्यातले मधले काही आकडे केंद्राने ठरवायचे. तिथे त्याने आपली रीत लावली. आधी खांब, मग घर. पत्ता वाचा आणि चालत दारात जा. सगळा तक्ता त्याने मोठ्या कागदावर हाताने काढला आणि भिंतीवर लावला. मी मुद्दाम बघायला गेलो. काम चोख होतं. मी म्हणालो, तू मेल्यावरही तुला कोणी शिव्या देणार नाही. आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.

मशीन बसवायला आलेल्या बाईने मात्र एक गोष्ट सांगितली होती. घरांचे पत्ते रोज आपोआप बदलत राहतील अशी सोय मशीनमध्ये होती, आणि ती चालूच होती.

"चालू राहू द्या काका," ती म्हणाली. "लोकांच्या कपाळावर घराचा नंबर कशाला?"

"बाई, खांब रोज जागा बदलत नाही," ओळंबा म्हणाला आणि त्याने ती सोय बंद केली. अर्ध्या मिनिटाचं काम. रोज बदलणारा पत्ता बिघाड शोधताना जीव खातो, हे खरंच आहे. मीही तेच केलं असतं.

त्याची धाकटी बहीण सत्ताविसाव्या खांबावर, दुसऱ्या घरात राहायची. नवरा गेलेला, एक मुलगी. ओळंब्याने लग्न केलं नव्हतं, त्याचा जीव या दोघींवर. लहानपणी बहिणीला आकडे त्यानेच पाटीवर गिरवून शिकवले होते. भाची पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची. एका रविवारी जेवताना तिने विचारलं, "मामा, इंटरनेटवर कुठे काही लिहिलं, तर कोणी लिहिलं ते बाहेर कळतं का?"

"बाहेरच्याला तो नुसता आकडा," मामा म्हणाला. "त्याचं घर कुठलं, ते फक्त मला ठाऊक."

त्या दिवशी हे खरं होतं.

दोन महिन्यांनी वरचे पाच साहेब केंद्र बघायला आले. ओळंब्याने सात मिनिटांत सगळी रचना समजावली. एका साहेबाने गंमत म्हणून मशीनवरचा एक पत्ता वाचून दाखवला. ओळंबा म्हणाला, "खांब बावीस, घर चार. हिरवं दार. कुत्रा आहे, पण चावत नाही." सगळे हसले. मग त्यांनी तक्त्याचे फोटो काढले. संध्याकाळी तो मला सांगत होता की इतक्या वर्षांत वरच्या माणसाने पहिल्यांदाच त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. भाचीचा प्रश्न आणि हे फोटो त्याच्या डोक्यात वेगवेगळ्या खांबांवर होते. मधे तार नव्हती.

पुढचं लवकर घडलं. पाणी तपासणीचे आकडे वरून बदलले जातात, असं इंटरनेटवरच्या एका पानावर कोणीतरी नाव न घालता लिहिलं होतं. त्याखाली आमच्याच भागातल्या आणखी दहा जणांनी लिहिलं. कोणाचं मूल महिनाभर आजारी होतं, कोणाच्या दुकानातून जुलाबाची औषधं किती जात होती. सरकारने ते पान चालवणाऱ्याकडून नोंद मागवली. नोंदीत नावं नव्हती, अकरा पत्ते आणि तारखा होत्या. बुधवारी नवव्या खांबावरच्या औषधविक्रेत्याला घरातून उचलून नेलं. म्हातारा माणूस, मधुमेहाचा. कुठे नेलं ते घरच्यांना सांगितलं नाही.

गुरुवारी ओळंब्याच्या टेबलावर पत्र आलं. त्यात उरलेले दहा पत्ते होते, प्रत्येकापुढे खांब आणि घर. वाचन बरोबर आहे का ते तपासून सोमवारी सही करून द्यावं. दहाच्या दहा बरोबर वाचले होते. तिसरा सत्तावीस-दोन होता.

शुक्रवारी सकाळी तो माझ्याकडे आला. दारात त्याने बूट वेडेवाकडे काढून टाकले, तेव्हाच मी समजलो. पत्र वाचून झाल्यावर मी विचारलं, पोरीला सांगितलंस का. नाही म्हणाला. फोन करायचा नाही, ऐकत असतील. आधी पत्ते बदलू. शनिवार-रविवार केंद्र बंद असतं, किल्ली त्याच्याकडे. सहाशे बारा पत्ते असे बदलायचे की ते वाचून कोणीच कुठे पोचणार नाही. मी तारेचा माणूस, मशीनच्या पोटातलं मला कळत नाही. मी म्हटलं, काम सांग.

शनिवारी सकाळी सातला बसलो. नव्या पत्त्यांत क्रम राहू नये म्हणून आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या होत्या. मी चिठ्ठी काढायची, आकडा वाचायचा, वहीत खूण करायची. त्याने जुना पत्ता काढायचा, नवा टाइप करायचा, त्या घराची जोडणी परत लागली का ते बघायचं. एका घराला दोन मिनिटं, तासाला तीस घरं. जेवण उभ्याने, दहा मिनिटांत. पहिल्या दिवशी तीनशे तीस झाली. त्याच्या बोटांची पेरं सुजली होती. चूक एकही नाही. इतक्या वेगाने इतकं अचूक काम मी त्याच्याकडूनही कधी पाहिलं नव्हतं, आणि मला बरं वाटत होतं. काम चाललं असलं की मला बरं वाटतं.

रविवारी दुपारी एकला पाचशे दहा झाली. मी पाणी प्यायला थांबलो आणि समोर होतं म्हणून पत्र पुन्हा वाचलं. प्रत्येक पत्त्यापुढे तारीख होती. तीन महिन्यांपूर्वीच्या तारखा.

"त्या तारखेला सत्तावीस-दोन कोणाकडे होतं," मी विचारलं, "ते आज पत्ता बदलून बदलतं का?"

टाइप करायचा आवाज थांबला. "नाही."

"आणि तक्त्याचा फोटो त्यांच्याकडे आहे."

"आहे."

"मग आपण दोन दिवस काय करतोय?"

"मला शुक्रवारीच माहीत होतं," तो म्हणाला. "हाताला काम नसतं, तर तिच्या दारात जाऊन सांगावं लागलं असतं."

फुकट घालवलेले श्रम मी आयुष्यात कोणाला माफ केलेले नाहीत. दोन दिवसांत ती दहा दारं दहादा फिरून झाली असती. पण त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि वही मिटली. उठण्याआधी त्याने एक केलं. बाईने चालू ठेवायला सांगितलेली ती सोय चालू केली. सहाशे बाराच्या सहाशे बारा पत्ते एकदम बदलले. अर्धं मिनिट.

मग आम्ही पत्र घेऊन चालायला लागलो. पत्ता वाचायचा आणि दारात जायचं. चार-एकमधल्या शिक्षिकेने सगळं ऐकून घेतलं, काही न विचारता आत गेली आणि बॅग काढली. अकरा-पाचमधला माणूस म्हणाला, मी काही लिहिलेलं नाही, आणि त्याने दार लावून घेतलं. आतून बायकोला विचारताना ऐकू आला. सोळा-दोनमध्ये न्हावी राहायचा. त्याने ओळंब्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नंबर लावणारे ते तुम्हीच ना?"

ओळंबा हो म्हणाला.

"छान काम केलंत हो. कधी दाढीला आलात माझ्याकडे, तर मान जरा सांभाळून ठेवा."

ओळंब्याचा गुडघा तोवर भोपळ्याएवढा झाला होता. एकविसाव्या खांबावरून निघालो तेव्हा साडेतीन वाजले होते. मी म्हटलं, आता सत्तावीस, दहा मिनिटांवर आहे. तो म्हणाला, ते आपल्या वाटेत शेवटी येतं. ते येत नव्हतं. चौतीस, छत्तीस आणि चाळीस त्याच्या पुढे होते. आयुष्यात पहिल्यांदा तो मला चुकीचा रस्ता सांगत होता आणि ते दोघांनाही कळत होतं. मी त्याच्या मागून गेलो. हात धरून वळवायला हवं होतं. वळवलं नाही.

चाळिसाव्या खांबापासून मागे यायला पंचवीस मिनिटं लागली. साडेपाच झाले होते. दार उघडं होतं आणि बहीण पायरीवर बसली होती. तिच्या शेजारी भाचीच्या चपला होत्या, एक उलटी पडलेली.

"चार वाजता आले," ती म्हणाली.

त्यांनी सोमवारची वाट बघितली नव्हती. सहीचीही नाही.

"कोणाला पत्ता विचारला नाही," ती म्हणाली. "गाडी सरळ दाराशीच लावली. पोरगी चपलासुद्धा घालू शकली नाही."

ओळंबा पायरीखाली उभा होता.

"त्यांच्या हातात कागद होता, दादा. फोटो छापलेला. माझ्या तोंडासमोरच धरला, म्हणून वाचला." तिने बोटाने हवेत सात काढला आणि त्याच्या पोटात आडवी रेघ मारली. "तुझा सात मी कुठेही ओळखीन."

त्यानंतर ती त्याच्याशी बोललेली नाही.

दहापैकी सहा जण वेळेत निघून गेले, असं नंतर कळलं. औषधविक्रेता परत आलेला नाही. ओळंब्याने सोमवारी सही दिली नाही. त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही, त्याची नोकरी तेवढी गेली. भिंतीवरचा तक्ता अजून तिथेच आहे म्हणतात. नवा माणूस तो वापरत नाही, कारण पत्ते आता रोज बदलतात. बिघाड शोधायला वेळ लागतो, अशी लोकांची तक्रार आहे.

दर मंगळवारी सकाळी बहीण पायरीवर पिशवी ठेवते आणि दार लावून घेते. मुलीचे दोन कपडे, साबण, कंगवा आणि आता त्या चपलाही. ओळंबा पिशवी उचलतो. मी कोपऱ्यावर थांबलेला असतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक कचेरी आहे, तिथे खिडकीसमोर रांग लागते. तीन तास उभं राहणं त्याला जमत नाही, म्हणून मधले दोन तास मी उभा राहतो आणि तो भिंतीला टेकून बसतो. खिडकीशी मात्र तोच जातो.

कारकून नाव विचारत नाही. पत्ता विचारतो.

"खांब सत्तावीस, घर दोन," ओळंबा सांगतो.

कारकून यादीवरून बोट फिरवतो. पिशवी कधी घेतो, कधी परत देतो. घेतली की पोरगी आत आहे, असं आम्ही धरून चालतो. परत दिली की काय धरायचं, ते आम्ही एकमेकांना विचारत नाही. गेले तीन मंगळवार त्याने परत दिली आहे. ओळंबा ती तशीच आणतो, पायरीवर काठाशी सरळ लावून ठेवतो, दार वाजवत नाही.