साडूच्या लाल गाडीतली बाळाची खुर्ची

वेगाची एवढी हौस असलेला आणि गाडी एवढी हळू चालवणारा माणूस माझ्या साडूखेरीज अख्ख्या नागपुरात दुसरा सापडायचा नाही. इतवारीत मिरचीचा ठोक व्यापार करण्यात त्याचा जन्म गेला. साठी उलटल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, गुडघे बदलतात. याने परदेशी बनावटीची, दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून बसलेली लालभडक स्पोर्ट्स कार घेतली. शोरूममध्येही त्याचा व्यापारी बाणा सुटला नाही. सीटचं कातडं नखाने खरवडून पाहिलं, वास घेतला आणि टाय लावलेल्या विक्रेत्याला म्हणाला, "माल बरा आहे. पण ओला तं नाही ना?"

साडू राहतो नंदनवन नावाच्या वस्तीत. तिथल्या गल्ल्यांतले स्पीडब्रेकर हे रस्ता करताना उरलेला माल संपवण्यासाठी बांधले आहेत, असा माझा समज आहे. प्रत्येक स्पीडब्रेकरआधी साडू गाडी थांबवतो, शेजारच्याला उतरवतो, गाडी तिरकी करून मुंगीच्या पावलाने पलीकडे नेतो आणि मग आपल्याला पुन्हा आत घेतो. आत घेतो म्हणणं सोपं आहे. त्या गाडीत बसावं लागत नाही, पडावं लागतं, आणि बाहेर यायला कुणीतरी हात द्यावा लागतो. मी एकदा त्याच्यासोबत भाजी आणायला गाडीने निघालो आणि अर्धा रस्ता चालत गेलो. माझी मेहुणी, म्हणजे त्याची बायको, पहिल्या दिवशी एकदा बसली आणि तेव्हापासून ई-रिक्षाने फिरते. रिक्षा आधी पोचते. "मिरवायचं तुम्ही, न् कंबर माही काहून मोडायची?" हा तिचा सवाल आहे.

तर या गाडीतून नातीला घरी आणायचं, असं साडूच्या मनाने घेतलं. मुलगी परदेशात. नात तिकडेच जन्मली, वर्षाची होत आली, तरी आजोबाने तिला फोनच्या काचेवरच पाहिलेली. हिवाळ्यात ती पहिल्यांदा येणार होती. "विमानतळावून पोरगी माह्या गाडीत येईन," हे साडूने इतवारीतल्या हमालांपासून आपल्या दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं. डॉक्टरला तर तोंडात आरसा असताना सांगितलं. मुलीने फोनवर एकच अट घातली. बाळाची वेगळी खुर्ची हवी, नीट बसवलेली, मागे तोंड करून.

खुर्ची आली, पण ती गाडीत जाईना. त्या गाडीला मागे दोन सीटा आहेत, पण त्या नुसत्या नावाला. तिथे एक पिशवी आणि फार तर एक पपई मावते. साडूने खुर्ची आडवी घातली, उलटी घातली, डिकीतून घालायला गेला, तेव्हा त्याला कळलं की या गाडीची डिकी पुढे असते आणि तिथून आत यायला रस्ता नसतो. नागपुरात कुणी गाडीचं दार उघडून वाकलं की सल्लागार आपोआप जमतात. कोपऱ्यावरचा गादीवाला म्हणाला, सुतळीने बांधा. शेजारचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, छत कापा. शेवटी खुर्ची पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी मागे तोंड करून बसली. तिच्यावर गुडघा रोवून साडूने पट्टा असा आवळला की खुर्चीच्या जागी माणूस असता तर ओरडला असता.

"आता वजन टाकून पाहू," साडू म्हणाला. त्याने मुलीला फोन करून नातीचं वजन विचारलं, बरोबर तेवढी भिवापुरी मिरची पोत्यात भरली, पोत्याला टोपडं घातलं आणि खुर्चीचे पट्टे लावले. मला मागे पपईच्या जागी कोंबलं. वाटभर तो पोत्याशी बोलत होता. "रडू नको वं माय, घर आलंच पाय." एका हाताने टोपडं सारखं करण्याच्या नादात त्याच्या नजरेतून आयुष्यात पहिल्यांदा एक स्पीडब्रेकर सुटला. पोतं उसवलं. काचा बंद, एसी सुरू आणि मिरची अस्सल. मी त्या गाडीतून कसा बाहेर आलो ते मला आठवत नाही, पण दोघंही रस्त्यावर उभे राहून असे रडत होतो की चौकातला हवालदार धावत आला. त्याने आत वाकून पाहिलं, त्याला नुसतं टोपडं दिसलं. "बाळ कुठं आहे?" एवढं विचारेपर्यंत त्यालाही ठसका लागला. साडूने नाक पुसलं आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे वळला. "पण खुर्ची हालली नाही! पायलं ना साडूभाऊ?"

मुलगी आली. विमानतळाबाहेर बाळाला आईच्या हाती देऊन तिने गाडीत वाकून खुर्ची पाहिली, पट्टा ओढून पाहिला, तोंडभर कौतुक केलं. मग डॅशबोर्डवर बोट ठेवून विचारलं, "बाबा, इथली एअरबॅग बंद होते का?" ती बंद होत नव्हती. मागे तोंड केलेल्या बाळासमोर एअरबॅग फुगली तर बाळाचा जीव जाऊ शकतो, असं तिने शांतपणे सांगितलं. साडूचा आवाज चढला.

"काहून वं? तुले तं मी स्कूटरवर पुढं उभी करून अख्खी इतवारी फिरवली. काय झालं तुले?"

मुलीने हनुवटी वर केली. तिच्या हनुवटीखाली टाक्यांचा जुना वण आहे. इतवारीत हातगाडी आडवी आली, साडूने ब्रेक दाबला आणि पोर हँडलवर आदळली होती. तो वण आम्ही सगळे इतकी वर्षं पाहत होतो आणि कशाचा ते विसरून गेलो होतो.

"हे झालं, बाबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

साडू विसरला नसावा, कारण त्याने गाडीचं दार लावलं आणि स्वतःच टॅक्सीला हात केला. मायलेकी आणि नात टॅक्सीने गेल्या. मागून साडूची लाल गाडी निघाली, शेजारी रिकामी खुर्ची.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा वाटलं, याने गाडी विकायला काढली असणार. पाहतो तो नात गाडीतच होती. "कंपाउंडात, इंजिन बंद ठेवून बसवू का?" असं त्याने म्हणे मुलीला विचारलं होतं. ज्याने जन्मात कुणाची परवानगी मागितली नाही त्याने! गाडी न्यूट्रलमध्ये होती, चाकांच्या पुढेमागे अंतर सोडून विटा लावल्या होत्या, आणि पोती उचलून तयार झालेल्या खांद्यांनी साडू ती गाडी हातभर पुढे, हातभर मागे ढकलत होता. घामाघूम झाला होता. मी फाटकातूनच हाक मारली तसं त्याने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल गा, पोरगी झोपून राहिली." मेहुणी पायरीवर बसून मेथी निवडत होती. म्हणाली, "आता कुठं कामाची झाली गाडी." नात होती तोवर रोज दुपारी हाच कार्यक्रम चालला.

सुट्टी संपली, त्या परत गेल्या. परवा संध्याकाळी सहज गेलो, तर साडू कंपाउंडात गाडी ढकलत होता. हातभर पुढे, हातभर मागे. खुर्ची तशीच होती, पट्टे लावलेले, आत टोपडं.

"आता काहून ढकलून राहिले, साडूभाऊ?" मी विचारलं.

"उभ्या गाडीचे चाकं जाम होतात गा," तो म्हणाला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याची थट्टा करायची म्हणून चार वाक्यं माझ्या तोंडात तयार होती, पण ती मी गिळली. मी चपला काढल्या आणि दुसऱ्या बाजूने गाडीला हात लावला.

"धक्का नको देऊ," साडू म्हणाला. "हळू."