मागच्या भिंतीवरचे दोन डबे

माझ्या मावशीने उभा जन्म सिनेमाची तिकिटं विकली आणि सिनेमा मात्र पाठीने ऐकला. तिकीटखिडकीतल्या तिच्या स्टुलामागेच थिएटरची भिंत होती. पाऊस, मारामारी, हुंदके, सगळं तिला मागून यायचं. उशिरा आलेल्याला तिकीट फाडून देताना ती दरडावायची, "पळा, आता ती रडायला लागेल." गल्लीत तिला सगळे खिडकीमावशीच म्हणत.

थिएटर बंद पडलं तेव्हा तिने एकच हट्ट धरला. घरात सिनेमा लावायचा, आणि आवाज मागूनही यायला हवा. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, होम थिएटरची यंत्रणा बसवून देतो. आजी लवकर गेली, त्यामुळे या मामाने शाळेचा सगळा अभ्यास ताईच्या खिडकीतल्या फळीखाली बसून केला. मावशीने त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं. दुसऱ्या कुणाकडून स्पीकर घ्यायचा प्रश्नच नव्हता.

"ताई, तुला फाइव्ह पॉइंट वन लावतो," मामा म्हणाला. "पाच म्हणजे तीन स्पीकर पुढे आणि दोन तुझ्या मागे. पॉइंट वन म्हणजे कोपऱ्यातला हा बुटका सबवूफर. हा फक्त घुमतो."

"आणि मागच्यांच्या वायरी?"

"ते वायरलेस आहेत गं."

मावशीने हे पाठच करून टाकलं. घरी येईल त्याला सोफ्याच्या मधोमध बसवून ती सांगायची, "ऐका, मागून पाऊस आला की नाही?" पाहुणे माना डोलवायचे. शेजारणीने सेव्हन पॉइंट वन घेतलं तेव्हा ही म्हणाली, "सात असोत नाहीतर सत्तर, लावणारा घरचा हवा."

मला मागून कधीच काही ऐकू आलं नाही, आणि मी तसं तोंडावर सांगितलं. मामा हसून म्हणाला, "कान तपासून घे." मावशीनेही त्याचीच री ओढली. "हेडफोन लावून लावून बहिरी झालीय कार्टी." मी खरंच डॉक्टरकडे जाऊन कान तपासून आले. आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो.

मग खोलीला रंग द्यायचं ठरलं. रंगाऱ्याने मागच्या भिंतीवरचा स्पीकर स्क्रू काढून दोन बोटांनी खाली आणला. "मावशी, हा इतका हलका कसा?" पुढची जाळी निघाली. आत थोडा स्पंज होता, बाकी काही नाही. दुसऱ्यातही तेच. दुकानात शोभेला मांडतात ते रिकामे डबे! बडा घर पोकळ वासा म्हणतात, इथे आमच्या मामाने तो वासा स्क्रूने पक्का बसवून दिला होता.

मावशी मात्र म्हणाली, "चुकून आले असतील. त्याच्या लक्षात नसेल आलं."

तिने मामाला बोलावलं. तो आला, डबे पाहिले आणि चक्क हसला. "अगं, खरे लावायचे तर वायरीसाठी फरशी फोडावी लागली असती. म्हटलं, कशाला त्रास! आणि तुला ऐकू येतच होतं की."

मावशी हळूच म्हणाली, "तू लावलेस म्हणून येत होतं, बाळा."

माझ्याने राहवेना. मी रिमोट घेऊन रिसीव्हरची, म्हणजे स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या यंत्राची, सेटिंग उघडली. मामाने त्या यंत्रालाही खोटंच सांगून ठेवलं होतं: मागे दोन स्पीकर आहेत. ते बिचारं इमानाने मागचा आवाज मागेच पाठवत राहिलं, आणि तो कुणाच्याच कानी पडला नाही. मागे कुणी नाही एवढं खरं सांगितलं असतं, तर त्याने तो आवाज पुढच्यांत वाटून दिला असता. मी तसं केलं आणि मावशीचा आवडता सिनेमा लावला, जो तिने घरीच पहिल्यांदा पाहिला होता.

त्यात घर सोडून निघालेली बाई उंबऱ्यावर थबकून मागे वळते. मावशीला हा प्रसंग फार प्रिय. "कुणी हाक मारली नाही, तरी वळली बघा. बाईचं मन!" असं ती प्रत्येकाला सांगायची.

या वेळी बाई उंबऱ्याशी आली आणि इतके दिवस मागेच हरवलेला एका पोराचा आवाज आला, "आई, थांब ना!" मग ती वळली.

मावशीने सिनेमा बंद केला. मामाचा चेहरा उतरला होता. "ताई, उद्याच फरशी फोडून खरे लावून देतो."

"नको," ती म्हणाली. "पुढून येतंय तेवढं पुरे. तू खरे आणून लावलेस, तरी मला आता मागचं काही ऐकू यायचं नाही."

मामा निघाला तेव्हा दोन्ही डबे तिने त्याच्या हातात दिले. त्याने ते एकाच हातात घेतले.